एका पलंगावरच्या विहिणी

खोलीत पलंग एकच होता आणि विहिणी दोन.

“एवढीच खोली शिल्लक होती,” असं म्हणून जावई शेजारच्या खोलीत सटकला. मुलीची आई पिशवी घेऊन दारातच उभी राहिली. तीन वर्षांपूर्वी लग्नात या विहीणबाईंनी तिच्या नव्याकोऱ्या शालीला पडद्याचं कापड म्हटलं होतं. तेव्हापासून दोघींमधून विस्तव जात नव्हता. त्यांचं सूत जुळावं म्हणून तर मुलांनी घाट घालून त्यांना डोंगरावरच्या या जुन्या शहरात आणलं होतं.

हॉटेल स्वस्तातलं. गीझर एका वेळी एकच बादली तापवायचा. ती आधी कुणी घ्यायची यावरून दुसऱ्या दिवशीची सकाळ गेली, तीही एक शब्द न बोलता.

मग किल्ला. तीनशे पायऱ्या. एक थांबली की दुसरी हट्टाने पुढे जायची. दुपारी खोलीवर परतल्या तेव्हा दोघींचे पाय भरून आले होते. मुलीच्या आईने तेलाची बाटली काढली. पलीकडे मुलाची आई आपल्याच गुडघ्याशी झटापट करत होती. कंबर वाकत नव्हती.

“द्या पाय इकडे,” मुलीची आई न राहवून म्हणाली.

“विहिणीचे पाय चोळणार तुम्ही?”

“गुडघ्याला कुठे कळतंय, कुणाचा आहे ते.”

मुलीच्या आईने तेल जिरेपर्यंत गुडघा चोळला. मग मुलाची आई हळूच म्हणाली, “ती शाल छान होती हो. मला दुकानात तशी मिळाली नाही, म्हणून जळून बोलले.”

मुलीच्या आईला हसू फुटलं. विहीणही हसायला लागली. तेवढ्यात मुलं शेजारच्या खोलीत परतली आणि पातळ भिंतीपलीकडून त्यांचं बोलणं ऐकू आलं.

“बोलल्या का गं काही?”

“छे. सकाळपासून अबोला आहे.”

“मग एका फेरीत नाही जमायचं. पुढच्या वर्षी आठवडाभर समुद्राकाठी नेऊ दोघींना.”

विहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. मुलाच्या आईने घसा साफ केला.

“तुमच्याबरोबर राहण्यापेक्षा मी जिन्यात झोपेन,” ती भिंतीकडे तोंड करून कडाडली.

“झोपा की, अडवलंय कुणी?” मुलीच्या आईने तेवढ्याच चढ्या आवाजात उत्तर दिलं आणि विहिणीचा दुसरा गुडघा चोळायला घेतला.