तीन रविवारांचा नमुना

“दर रविवारी बंदुकीच्या नळीच्या तोंडाला वेगळा चोक बसव, पण कोणता ते मला सांगू नकोस,” असे निवृत्त संख्याशास्त्रज्ञ उकिडव्यांनी पत्नीला बजावले होते. छर्रे किती फाकणार हे चोकवर ठरते, आणि क्लबची नेमबाजीची स्पर्धा जिंकायची तर निवड निःपक्षपाती हवी.

नेमासाठी हवेत उडवलेल्या पंचवीस मातीच्या तबकड्यांपैकी पहिल्या रविवारी अकरा फुटल्या, दुसऱ्या रविवारी तेवीस, तिसऱ्या रविवारी दहा.

“अगं, दुसऱ्या रविवारी कोणता होता?”

“तिन्ही रविवारी एकच. चोक बदलायचा तो पाना मला फिरवताच येईना.”

“मग तेवीस कशा फुटल्या?”

“त्या दिवशी मी बघायला आले नव्हते.” साडीला इस्त्री करता करता ती थबकली. “उद्या स्पर्धेला येऊ की नको?”

आयुष्यभर आकड्यांपुढे मान तुकवलेल्या उकिडव्यांनी आकड्यांची वही मिटली.

“येच तू. तीन रविवारांचा नमुना फारच लहान आहे.”