भिंगाचा डोळा

"हनुवटी टेकव. समोर बघ. हलू नकोस."

घड्याळजीने हनुवटी टेकवली. यंत्राच्या पलीकडे त्याचा थोरला भाऊ बसला होता, डोळ्यांचा डॉक्टर. निळा उजेड डोळ्यात घुसला.

"थेंब घालतोस ना वेळेवर?"

"घालतो."

"आणि सिगारेट?"

"सोडली, दादा. आईची शपथ."

"आईची शपथ तू शाळेतही खोटीच घ्यायचास."

"या वेळी खरी आहे."

भावाने न बघताच हात पुढे केला. शेजारी उभ्या सिस्टरने त्याच्या तळहातावर पेन ठेवलं. थाट बघा, घड्याळजीच्या मनात आलं, समोरचं पेनसुद्धा स्वतः उचलायला नको! भावाचा मोठेपणा हल्ली वाढतच चालला होता. एवढी हौसेची गाडी, पण आता चालवायला ड्रायव्हर ठेवला होता. परवा तर कहर झाला. घड्याळजी आपल्या दुकानाच्या दारात उभा होता, त्याने हातही वर केला, आणि भाऊ हाताच्या अंतरावरून ताठ मानेने निघून गेला. घरी येऊन घड्याळजीने बायकोजवळ आदळआपट केली होती. "सख्खा भाऊ, आणि नाक वर करून गेला!"

"डोळ्यातलं प्रेशर उतरत नाही," भाऊ म्हणाला. "ऑपरेशन करावं लागेल. उजव्या डोळ्याचं."

घड्याळजीचा डावा डोळा जवळजवळ गेलेलाच होता. उजवा हा भिंगाचा डोळा. त्याच्यावर भिंग चढवून तो केसासारखी स्प्रिंग अचूक बसवायचा. जन्मभर उजव्यावर भिंग आणि डावा मिटलेला, त्यामुळे डावा कधी गेला याचा त्याला पत्ताही लागला नव्हता. काचबिंदू असतोच तसा चोर. आधी कडेचं दिसणं नेतो, समोरचं शेवटपर्यंत राहू देतो, आणि माणूस आपल्याच गुर्मीत चालत राहतो. आता उजवा गेला की दुकान गेलं, आणि दुकानावाचून त्याला दुसरं काही येत नव्हतं.

वडिलांचंही असंच झालं होतं. ते सिगारेट ओढायचे आणि आईला वास येऊ नये म्हणून लवंग चघळायचे. झालं असं, की लवंगेचा वास आला की आत्ताच ओढून आले, हे अख्ख्या घराला कळायचं. पुढे ते पार आंधळे झाले. चहाचा कप खाली ठेवण्याआधी ते करंगळीने टेबलाची कड चाचपायचे. कड सापडली की मग कप. ते बघवायचं नाही म्हणून आई तोंड फिरवायची.

"दादा, हे बाबांमुळे की सिगारेटमुळे?"

"काचबिंदू घराण्यातून येऊ शकतो. सिगारेटची ओढही थोडीफार रक्तातून येते म्हणतात. दोन्हींचं आपसात काय नातं आहे, ते अजून शोधताहेत." भाऊ थांबला. "पण घरात वाळलेलं गवत आहे हे माहीत असताना काडी कशाला ओढायची?"

"मग तू कसा सुटलास? बाप तर एकच."

भावाने पेनाचं टोपण लावलं. पहिल्या खेपेला ते बाजूला गेलं.

"मी कधी ओढली नाही," तो म्हणाला.

घड्याळजी हळूच म्हणाला, "दुसऱ्या कोणाकडे जाऊ का? तुला त्रास नको."

"वेडा आहेस का? घरचा डोळा परक्याच्या हाती देणार नाही मी."

घड्याळजीने इतके दिवस मनात साठवलेला राग त्या एका वाक्यात विरघळला, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

दारापर्यंत सोडायला आलेली सिस्टर मात्र घुटमळली. "एवढा एकच डोळा उरलाय तुमचा," ती हळू आवाजात म्हणाली. "मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं असतंत तर?"

"घरचा डॉक्टर असताना?"

ती काहीतरी बोलणार होती. आतून भावाने हाक मारली, तशी मान खाली घालून निघून गेली. घड्याळजीला झोंबलं. दुकानदार माणूस, साहेबांचा भाऊ म्हणून शोभत नसेल बाईंना! या वेळी त्याने ते बायकोलाही सांगितलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी त्याला टेबलावर निजवलं. सुई टोचली, डोळा बधिर झाला. पापणी चिमट्यात अडकवली, आता मिटायची म्हटली तरी मिटेना. भाऊ वाकला.

"घाबरलास?"

"तू आहेस, मग कशाला घाबरू?"

भाऊ हसला असावा. मास्कमधून त्याचा श्वास घड्याळजीच्या तोंडावर आला, आणि त्याबरोबर लवंगेचा दाट वास.

"दादा, तू..."

"आता बोलायचं नाही."

तोंडावर हिरवं कापड आलं. डोळ्यापुरतं भोक, आणि त्यातून नुसता पांढरा उजेड.

"थोडं डावीकडे, सर," सिस्टर अगदी हळू म्हणाली.

"माहीत आहे मला. हलू नकोस रे."

कापडावरून भावाची करंगळी घड्याळजीच्या भुवईला लागली. चाचपत चाचपत ती डोळ्याच्या खोबणीपर्यंत आली आणि थांबली. कड सापडली होती.