मापुलेंगच्या शेतातली तीन झाडं

"आधी तुमचंच शेत बघायचं, न्ताते," मोरेनाचा, म्हणजे गावच्या प्रमुखाचा, हुजऱ्या वयाचा मान राखत म्हणाला. "मग कुणी म्हणायला नको, ओळखीच्याला सोडलं."

"बघ की," मोहापी म्हणाला. "काही सापडलं तर निम्मं तुझं."

कंपनीचे दोन पहारेकरी मक्यात शिरले आणि ओळ न् ओळ फिरून बाहेर आले. काही नव्हतं.

कंपनीच्या पॉलीहाऊसमधल्या औषधी गांज्यात यंदा बी धरलं होतं. बी धरलेला माल औषधाला चालत नाही. म्हणजे बाहेर कुठेतरी नर झाड होतं आणि वाऱ्याने त्याचे पराग आत नेले होते. कळीवरून नर-मादी सांगणारा माणूस या डोंगरात एकच उरला होता, मोहापी. म्हणून त्याला बोलावणं आलं. कंपनीने लावला की औषध आणि गावाने लावला की गुन्हा, असा हा नवा न्याय होता.

झाड ज्याच्या शेतात सापडेल त्याचं शेत जाणार, असा निवाडा मोरेनाने आधीच देऊन ठेवला होता. कंपनीला झऱ्याजवळ आणखी एक शेत हवंच होतं. कुंपणाला लागून दोनच उरली होती, एक मोहापीचं, दुसरं मापुलेंगचं. पेरतं शेत कुणाकडून काढून घ्यायचं नाही ही इथली रीत. त्यामुळे दोन वर्षं मोरेनाचं घोडं अडलं होतं.

त्या दोन वर्षांत मोहापीला धड झोप नव्हती. चराई कुंपणात गेली तेव्हा त्याच्या सहा बैलांचे दोन झाले, आणि त्यांनाही चारायला खिंडीपलीकडे न्यावं लागे. जुने सोबती पांढरे डगले घालून पॉलीहाऊसमध्ये राबत आणि येताना दुकानातलं पीठ आणत. तसलं विकतचं पीठ खाऊन त्याला मरायचं नव्हतं. एवढं एक शेत राहावं, बाकी काही मागणं नव्हतं.

"पूर्वी पोलीस घोड्यांवरून यायचे, तेव्हाही असेच शोधायचे का?" बांध ओलांडताना हुजऱ्याने विचारलं.

"शोधायचे. पण सापडायचा भलताच," मोहापी म्हणाला. "एकाचं झाड दुसऱ्याच्या मक्यात असायचं. ज्याच्या शेतात सापडलं तो मार खायचा, नाव सांगायचा नाही. लावणारा मग चौथ्या दिवशी पिठाची पिशवी घेऊन जायचा. बोलायचं काही नाही. मापुलेंगच्या नवऱ्यापायी मी खाल्लाय मार, पाठीवर वळ आहे अजून."

"आता कुणी खाईल?"

"आता?" मोहापी नुसताच हसला.

मापुलेंगचा नवरा खाणीत गेला त्याला अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून तिचं शेत मोहापीच्याच बैलांनी नांगरलं जाई आणि त्याच्या शेतातलं तण ती काढून देई. तिच्या मक्यात तो पुढे चालला, आणि मधल्या ओळीत थांबला. त्याने बोट दाखवलं नाही. पहारेकऱ्यानेच मक्याची ताटं बाजूला केली.

गांज्याची खांद्याएवढी तीन झाडं. तिन्ही नर.

मापुलेंग खुरपं घेऊन धावत आली. झाडांपाशी येऊन ती थांबली.

"कुणाची ही?" हुजऱ्याने दरडावलं.

तिने एकदा मोहापीकडे पाहिलं. "माझी."

"म्मे, नीट विचार करून बोला," मोहापीच्या तोंडून निघून गेलं. ती रडेल, ओरडेल, शपथा घेईल असं त्याला वाटलं होतं.

"शेत माझं ना? मग झाडंही माझीच."

तिने मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी लावली असणार, असं गावाने ठरवून टाकलं. दहाव्या दिवशी तुरे आलेल्या मक्यावरून बुलडोझर फिरला. वर खडी पडली, खडीवर काँक्रीट. काळ्या मातीचा वाफा म्हणावा एवढाही तुकडा राहिला नाही. मोहापी आपल्या बांधावर उभा राहून ते बघत होता.

"पुढच्या वर्षी आणखी एक पॉलीहाऊस येतंय म्हणे," हुजऱ्या जाता जाता म्हणाला. "आता तुमचंच तेवढं राहिलंय, न्ताते. कारण काय, सापडेल काहीतरी."

चौदाव्या दिवशी मोहापीने घरच्या मक्याचं पीठ पिशवीत भरलं आणि मापुलेंगचं दार गाठलं. ती चुलीवर विकतच्या पिठाचा पापा, म्हणजे मक्याची घट्ट उकड, घोटत होती. पिशवी बघून तिचा चेहरा उजळला.

"चौथ्या दिवशी यायला हवं होतं," ती म्हणाली. "पण रीत विसरला नाहीत."

"कसली रीत? मी आपलं... तुम्हाला असावं म्हणून."

"असू द्या. तिन्ही रोपं माझ्या मक्यात लावताना मी बघितलं होतं तुम्हाला. म्हटलं, स्वतःच्या शेतात ठेवायची भीती वाटत असेल." तिने पिशवी छातीशी धरली. "मरेपर्यंत तुमचं नाव घेणार नाही, न्ताते."