उरलेलं अर्धं वाक्य

चौथ्या मजल्यापाशी लिफ्टला जरासा हिसका बसला आणि मेकॅनिकला वाटलं, आपलेच पाय लटपटताहेत.

लटपटणारच. सकाळी वृद्धाश्रमातली लिफ्ट, त्याच्या देखरेखीखालची, एका आजींना घेऊन अर्धा मजला घसरली होती. आजींना साधं खरचटलंही नाही. उलट त्या म्हणाल्या म्हणे, माझी वर जायची वेळ आली आणि ही मेली खाली नेतेय. सगळे हसले. मेकॅनिकला मात्र हसू आलं नाही. ब्रेक झिजलाय हे त्याला तीन महिने ठाऊक होतं. तीन महिने ब्रेककडे न बघताच त्याने लिफ्टमधल्या कार्डावर 'ठीक' लिहून सही ठोकली होती. आणि दर शनिवारी दुपारी इथे, पाचव्या मजल्यावरच्या प्रार्थनाघरात येऊन, फादरांपुढे पाप कबूल करून मोकळा झाला होता. एकाने कबूल केलेलं पाप फादर दुसऱ्याला कधीच सांगत नसत. शेवटी फादर म्हणायचे, "शांतीने जा, आणि..." 'शांतीने जा' कानावर पडलं की हा उठायचा. पुढचं त्याने कधी ऐकलंच नव्हतं.

ही लिफ्ट मात्र त्याच्याकडे नव्हती, त्याच्या साडूकडे होती. दोघे एकाच कंपनीत. साडूला सगळे पापभीरू म्हणत. "सही आज, क्षमा शनिवारी," ही युक्ती मेकॅनिकने त्यालाही शिकवून पाहिली होती, तर बिचारा कानांना हात लावून पळाला होता.

आत्ताच तो खाली भेटला. प्रार्थनाघरातून जिना उतरून आलेला, घामाघूम, डोळे लाल. लिफ्टवालाच जिना उतरायला लागला तर आमच्या पोटावर पाय की, असा मेकॅनिकने टोमणा मारला. एरवी हसला असता. आज "व्यायाम" एवढंच पुटपुटला आणि नजर चुकवून सटकला.

लिफ्टमधल्या कार्डावर साडूची आजचीच सही होती. 'ठीक.' मेकॅनिकला तेवढाच धीर आला.

जाळीच्या पडद्याआड फादर बसले होते. मेकॅनिकने सगळं भडाभडा सांगून टाकलं. मग फादरांनी विचारलं, ती लिफ्ट आत्ता बंद आहे का. चालू आहे, तो म्हणाला. बंद केली तर साहेब विचारणार, जुनी कार्डं काढणार, नोकरी जाणार. सोमवारी गुपचूप ब्रेक बदलतो.

"आणि सोमवारपर्यंत?"

"देवाची कृपा आहे ना. तुम्हीच सांगता, आपल्या पापापेक्षा मोठी."

"मोठीच आहे. पण वैद्य घरचाच आहे म्हणून कुणी विष चाखून बघतं का?" फादरांचा आवाज कापत होता. तो याआधी कधी कापला नव्हता. "कृपा ही ब्रेकच्या जागी बसवायची वस्तू नाही रे. देव तुला चिखलातून उचलतो, ते तू पुन्हा लोळावंस म्हणून नाही. त्या लिफ्टमध्ये आत्ता कुणाची तरी आई उभी असेल."



"आत्ता जातो. जाऊन बंदच करतो," तो म्हणाला. मनात म्हणाला, सोमवारी.

फादरांनी क्षमा उच्चारली. "शांतीने जा..."

हा उठलाच. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं. लिफ्ट पाचव्यावरच उभी होती. आत शिरून त्याने तळमजल्याचं बटण दाबलं. दारं सरकू लागली, तोच प्रार्थनाघरातून फादर धडपडत बाहेर आले. त्यांना असं पळताना त्याने कधी पाहिलं नव्हतं. दाराची फट बोटभर उरली होती, आणि त्या फटीतून त्याने पहिल्यांदाच त्यांचं वाक्य शेवटपर्यंत ऐकलं.

"...पण जिन्याने."