नाव घेणारी बाई

भावकू गावडे नावाची मतदार एकच होती आणि टेबलापुढे बायका दोन उभ्या होत्या. दत्तोपंतांनी टाक खाली ठेवला.

खानापूरच्या शाळेत मतदान चाललं होतं. साल सदतीसचं. खानापूरचं जंगल, बेळगावची पेठ आणि खालच्या अंगाची कानडी गावं एकाच दाव्याला बांधून सरकारनं हा नवा मतदारसंघ केला होता. मत मात्र सगळ्यांना नव्हतं. ज्याच्या नावावर जमिनीचा बऱ्यापैकी धारा, त्याला मत. आणि त्याच्या बायकोलाही. अशा बायका बोटांवर मोजण्याइतक्याच. त्यामुळं एकेका मतासाठी उमेदवारांची माणसं जिवाचं रान करत होती.

दत्तोपंत बेळगावात मास्तर होते, आजच्यापुरते पोलिंग ऑफिसर. त्यांना स्वतःच्या पारखीचा जरा अभिमान होता. खोटं बोलणारं पोर आपण नुसत्या मानेवरून ओळखतो, असं ते म्हणत.

पहिल्या बाईला मारुतीराव घेऊन आला होता. हा इनामदार उमेदवाराचा माणूस. समोरच्या उमेदवाराचा माणूस घाटाकडून मतदार आणायला गेला होता, अजून परतला नव्हता. या बाईचा पदर नाकापर्यंत ओढलेला होता.

दुसरी एकटीच आली होती. पाय धुळीनं भरलेले. टेबलापुढे पट्ट्यापट्ट्यांची जाड सतरंजी अंथरलेली होती. सतरंजीपाशी येऊन ही बाई थबकली, तिच्यावर पाय न देता कडेच्या फरशीवरून वळसा घालून आली. मग हातातलं गाठोडं तिनं टेबलावर ठेवलं आणि कुणी न सांगता गाठ सोडली. आत भाकरी आणि चटणी.

"हे मी काय करू?" दत्तोपंतांनी विचारलं.

बाई दचकली. तिनं घाईघाईनं गाठ पुन्हा मारली.

दत्तोपंत पहिलीकडे वळले. "नवऱ्याचं नाव काय?"

तिनं मान आणखी खाली घातली आणि पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरू लागली.

"असं काय करताय मास्तर," मारुतीराव म्हणाला. "बाईमाणूस. मालकाचं नाव कसं घेईल?"

दत्तोपंतांना मनातून हसू आलं. त्यांची वासंती मॅट्रिक झालेली, पण लग्नाला इतकी वर्षं होऊनही 'अहो'च्या पुढे गेली नव्हती.

"तुझ्या नवऱ्याचं गं?" त्यांनी दुसरीला विचारलं.

"यल्लाप्पा भरमू गावडे, राहणार कणकुंबी." बाई समोर बघत एका दमात बोलली.

रांगेतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. कुणीतरी "अगं बाई" असं पुटपुटलं.

"कुठं असतो तो?"

"बेळगावला. सरकारी कामावर हायत. मागावर विणत्यात."

"मग मत द्यायला का नाही आला?"

"सोडत न्हाईत."

"कुठलं खातं हे, मागावर बसवणारं?"

बाईनं गाठोडं पोटाशी धरलं. बोलू का नको, असं तिच्या तोंडावर दिसत होतं.

"थापसुद्दा नीट मारता येईना बघा," मारुतीराव म्हणाला. "यल्लाप्पा गाडी घेऊन गोव्याकडं गेलाय. समद्या गावाला ठावं हाय."

"तुला ओळखणारं कुणी आहे का इथं?"

"गाव सुटून सा वर्सं झाली, सायेब. बेळगावात लोकांची भांडी घासून ऱ्हाते मी."

दत्तोपंतांनी दोघींकडे नीट पाहिलं. एकीच्या तोंडून शब्द फुटेना आणि दुसरीनं पोपटासारखं नाव म्हणून दाखवलं. खऱ्या बायकोची खूण कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही, ती अशीच ओळखावी लागते. त्यांनी मतपत्रिका पहिलीच्या हातात दिली. ती सतरंजी तुडवत पेटीकडे गेली.

दुसरीला त्यांनी शिपायाच्या ताब्यात दिलं. तोतया मतदार म्हणजे फौजदारी गुन्हा.

बाई रडली नाही. दारापर्यंत गेली आणि मागे वळली. "मत ऱ्हाऊ दे, सायेब. पर येत्या शनवारी मला बेळगावला पोचायलाच पायजे. वाट बघत्यात तितं."

"ते आता मॅजिस्ट्रेट ठरवतील," दत्तोपंत म्हणाले. त्यांना घटकाभर वाईट वाटलं. पण गुन्हा तो गुन्हा.

घरी जेवताना त्यांनी ही हकिकत वासंतीला रंगवून सांगितली.

"नाव घेतलं? चारचौघांत?" आमटी वाढता वाढता तिचा हात थांबला.

"धडधडीत."

"मग ती नव्हेच त्याची बायको," वासंती म्हणाली, आणि दत्तोपंतांचा शेवटचा किंतुही गेला.

खानापूरची ती सतरंजी मात्र त्यांच्या डोळ्यांत भरली होती. आपल्या शाळेलाही तसल्या दोन घ्याव्यात म्हणून त्यांनी चौकशी केली, तेव्हा तो माल हिंडलग्याच्या तुरुंगात होतो असं कळलं. शनिवारी शाळा अर्धी असते. दुपारी ते चालतच तिकडे गेले.

फाटकाशी बायकांची रांग होती. शिपायानं त्यांना बाजूच्या बाकावर बसवलं. "भेटीचा दिस हाय, मास्तर. एवढ्या आटपू देत."

रांगेतली पहिली बाई पुढे झाली. पदर नाकापर्यंत. तिनं गाठोडं टेबलावर ठेवलं, कुणी न सांगता गाठ सोडली आणि समोर बघत एका दमात नवऱ्याचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट, गावासकट. मग दुसरीनं घेतलं. मग एका म्हातारीनं.

दत्तोपंत बाकावरून उठले.

"जंगल सत्याग्रहात लांबची सजा लागलेल्यांच्या बायका ह्या," शिपाई म्हणाला. "नाव घेतल्याबिगर भेट न्हाय मिळत. पयल्या खेपंला रडत्यात बिचाऱ्या. मग होती सवय."

रांग संपली. भेटी झाल्या, बायका डोळे पुसत निघून गेल्या. गजांच्या पलीकडे एक माणूस तेवढा अजून उभा होता. त्याच्या केसांत सुताचे तंतू अडकले होते. तो रस्त्याकडे बघत होता.

"चल आत, यल्लाप्पा," शिपाई हळूच म्हणाला. "आज काय येत न्हाय तुजी भावकू."