चहाचं बोलावणं

प्रयोगशाळेतल्या मॉरीनबाईंनी "गुरुवारी पाचला घरी चहाला ये, पोरी," म्हटलं, तेव्हा शाल्मली हरखली. शेफील्डमध्ये शिकायला येऊन आठ महिने झाले होते, पण अजून कुणाच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. चहाबरोबर फार तर बिस्किटं मिळतील म्हणून ती पोटभर खिचडी खाऊन गेली. टेबलावर भाजलेली कोंबडी, बटाटे, वाटाणे वाफाळत होते. "आणि चहा?" "हाच चहा. आम्ही संध्याकाळच्या जेवणाला चहाच म्हणतो. बस, गार होतंय." जेवून आलेय म्हटलं, तर पुन्हा कोण बोलावणार? ती मुकाट्याने जेवू लागली. ताट निम्मं होताच बाईंनी न विचारता आणखी दोन बटाटे वाढले. तेही तिने संपवले. परतताना आईचा फोन आला. "जेवलीस का गं?" "दोनदा." "एकटं माणूस दोनदा जेवत नाही," आई म्हणाली. "कोणी वाढलं?"