गडद पट्टा

आमगावची दामिनी आणि सडक अर्जुनीचा दुर्गेश, गोंदियाच्या कॉलेजात दोघांना प्रकल्प एकच मिळाला होता: माणसाच्या लघवीतून एक इवलंसं प्रथिन शुद्ध करायचं आणि त्याचे गुणधर्म तपासायचे. दुसऱ्यांचे नमुने घ्यायला परवानग्यांची भानगड, म्हणून दोघंही आपापलीच बाटली भरून आणत. प्रथिनं वेगळी करून दाखवणाऱ्या जेलच्या पातळ थरावर दामिनीच्या प्रथिनाचा पट्टा दिसतो न दिसतो असा. दुर्गेशचा मात्र दर वेळी गोंदणासारखा गडद. "हात लागते त्याले, हात," तो म्हणायचा, आणि दामिनीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

प्रकल्पाच्या मार्गदर्शक कटरे मॅडम शुक्रवारी पहिल्यांदाच जेल पाहायला येणार होत्या. सोमवारी सकाळी, दुर्गेश चहाला गेलेला पाहून, तिने दोन्ही बाटल्यांवरच्या नावाच्या चिठ्ठ्या बदलून टाकल्या.

शुक्रवारी गडद पट्टा दामिनीच्या नावावर उमटला. मॅडमनी जेल उजेडासमोर धरून पाहिलं.

"तुझीच ना गं बाटली?"

"हो मॅडम." तिची मान ताठ झाली.

"धडधाकट मूत्रपिंड इतकं प्रथिन बाहेर जाऊ देत नाही. आजच्या आज दवाखान्यात जा."

आपला फिका पट्टा विसरून दुर्गेश ताडकन उठला. त्याने खिशातून गाडीची चावी काढली. "भेऊ नको. मी नेतो तुले."

दामिनीने ती चावी त्याच्या हातातून काढून घेतली.

"तू मांगं बस," ती म्हणाली. "बाटली तुझी होती."